सेंद्रिय चहाच्या पाकिटावर पाल्याचा भाव छापा

२०१४ साली दार्जिलिंगच्या एका सेंद्रिय मळ्यातला चहा किलोला १,८५० डॉलर भावाने विकला गेला. बातमी जगभर गेली आणि दार्जिलिंगची मान उंचावली. त्याच सुमारास त्या डोंगरांत पानं खुडणाऱ्या बाईची रोजची मजुरी शंभर रुपयांच्या आसपास होती. मजुरीबरोबर घर, शिधा, जळण अशा काही सोयी मिळायच्या, हे मान्य. त्या सगळ्या धरल्या तरी या दोन आकड्यांमधलं अंतर समजावून सांगता येत नाही.

त्या एका मळ्यावर बोट ठेवण्याचा माझा हेतू नाही. डोंगरातली मजुरी साऱ्या मळ्यांची मिळून वाटाघाटीने ठरते, आणि मातीची निगा राखण्यात तो मळा इतरांच्या कितीतरी पुढे होता. मला टोचतं ते वेगळंच. चहा सेंद्रिय असणं आणि तो पिकवणाऱ्याला न्याय मिळणं या दोन गोष्टी आपण इतक्या सहजपणे एक धरून चाललो आहोत, की पहिलीचा शिक्का दिसला की दुसरीची चौकशी थांबते. त्यात ‘डोंगरातली छोटी बाग’ हे शब्द आले की उरलासुरला संशयही विरघळतो. माझं म्हणणं असं की, ज्या पाकिटावर पाला कोणत्या भावाने घेतला आणि खुडणाऱ्या हाताला काय मिळालं हे लिहिलेलं नाही, त्या पाकिटाला न्यायाचा दावा करू देऊ नये.

हे सेंद्रिय शेतीवर अविश्वास म्हणून मी लिहीत नाही. चहासारख्या पिकात तर रसायनांना नकार देण्याची कारणं जास्तच जवळची आहेत. भाजी आपण धुतो, फळ सोलतो. चहाचं पान मात्र खुडल्यापासून कपात पडेपर्यंत एकदाही धुतलं जात नाही. झुडपावरून ते थेट कोमेजवण्याच्या जाळीवर जातं, तिथून वळण्याच्या यंत्रात, मग भट्टीत. त्याला पहिलं पाणी लागतं ते आपल्या किटलीत. २०१४ मध्येच ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेने भारतीय बाजारातल्या चहाचे ४९ नमुने तपासले, तेव्हा त्यांतल्या ४६ नमुन्यांत कीटकनाशकाचा अंश सापडला होता. पिणाऱ्याच्या वाट्याला तो अंशच येतो. पाठीवर पंप घेऊन चढावर फवारणाऱ्या माणसाच्या अंगावर, कपड्यांवर आणि श्वासात मात्र ते औषध अख्खं जातं. सेंद्रिय चहाची बाजू मांडताना आपण आधी पिणाऱ्याच्या आरोग्याविषयी बोलतो. खरं तर सुरुवात फवारणाऱ्यापासून व्हायला हवी.

आणि डोंगर म्हटल्यावर माती आलीच. सपाटीवर तणनाशकाने जमीन उघडी पडली तर नुकसान होतं. उतारावर उघडी पडली तर एका पावसात वरचा थर ओढ्याला लागतो. चीनच्या युन्नान प्रांतातल्या जिंगमाई डोंगरावर ब्लांग आणि दाई लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या झाडांच्या सावलीत, जंगलाच्या आतच चहा राखला. २०२३ मध्ये युनेस्कोने त्या जुन्या चहाच्या रानाला जागतिक वारसा म्हटलं. जंगल न तोडता चहा घेता येतो, याचा तो जिवंत पुरावा आहे.

तुडतुड्याची गोष्ट तर प्रत्येक चहा पिणाऱ्याला ठाऊक असायला हवी. हिरवट रंगाचा, तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा हा किडा कोवळ्या पानातला रस शोषतो. पान कडेने पिवळं पडतं, आखडतं, वाढ खुंटते. कोणत्याही कृषी पुस्तिकेत हे नुकसान म्हणूनच नोंदलं जाईल. पण चावा बसलेलं झुडूप स्वतःच्या बचावासाठी जे सुगंधी पदार्थ तयार करतं, त्यांतूनच दार्जिलिंगच्या मे-जूनमधल्या दुसऱ्या बहाराला पिकल्या द्राक्षाचा तो प्रसिद्ध वास येतो. तैवानमध्ये शिन्चू आणि म्याओली भागात ‘ओरिएंटल ब्युटी’ नावाचा चहा होतो. त्याचा मधाळ स्वाद सगळाच्या सगळा या किड्याच्या भरवशावर असतो. फवारलं की तुडतुडा गेला, आणि त्याच्याबरोबर तो चहाही गेला. म्हणजे बागवाल्याने हात आवरून बसणं हे इथे कौशल्याचं काम आहे. कीड किती येऊ द्यायची, कोणता चढ आधी खुडायचा, कोणत्या दिवशी थांबायचं, हे रोज झुडपात हात घालणाऱ्यालाच कळतं. आणि एवढं करून वजन कमीच भरतं, कारण चावलेली पानं लहान राहतात. चांगल्या चहाचा एक किलो तयार व्हायला चार-साडेचार किलो ओला पाला लागतो, म्हणजे हजारो कोवळे शेंडे, आणि प्रत्येक शेंडा बोटांनी खुडलेला. ही बोटं बहुतेक सगळीकडे बायकांची असतात.

आता छोट्या बागेकडे वळू. छोटा बागवाला हा चहाच्या जगातला दुर्मीळ माणूस आहे असा समज पाकिटावरच्या चित्रांनी करून दिला आहे. प्रत्यक्षात भारतातला निम्म्याहून अधिक चहा आज छोट्या बागायतदारांचा आहे. श्रीलंकेत हा वाटा सत्तर टक्क्यांच्या वर जातो, आणि केनियातही निम्म्यापेक्षा जास्त आहे. भारताच्या चहा मंडळाच्या व्याख्येत १०.१२ हेक्टरपर्यंतचा मळा छोटा धरतात, पण बहुतेकांची जमीन याच्या पासंगालाही पुरत नाही. कुणाची एकर, कुणाची दोन एकर.

लहान असणं म्हणजे न्यायी असणं, हे मला पटत नाही. भारतात १९५१ च्या मळा कामगार कायद्याने मजुराला घर, दवाखाना, पाळणाघर असे हक्क दिले. कितीतरी मळ्यांनी ते नीट पाळले नाहीत, तरी भांडायला कागद होता. पुढे त्या कायद्याचा उंबरठा ५ हेक्टर आणि १५ कामगार असा राहिला. त्याच्या खालच्या बागेत राबणाऱ्या बाईसाठी तो कागदही नव्हता. छोट्या बागेत मालकाच्या घरातल्या बायका खुडतात तेव्हा त्यांच्या कामाची मजुरी कुणी मोजतच नाही. आणि गर्दीच्या दिवसांत बाहेरून आणलेली शेजारीण रोजावर येते, तिचं नाव कुठल्याच वहीत नसतं. मोठ्या मळ्यातली विषमता निदान डोळ्यांवर येते. छोट्या बागेतली घरात झाकली जाते.

तरीही छोट्या बागवाल्याची सगळ्यात मोठी अडचण घरात नसते. ती पाला खुडून झाल्यावर, पोतं बांधताना सुरू होते. खुडलेलं पान जिवंत असतं, श्वास घेत असतं, आणि दाबून भरलं की तापतं. दुपारच्या पोत्यात हात घालून पाहिलं तर मधली पानं कोमट लागतात; आणखी थोड्या वेळाने देठाकडून लालसर व्हायला लागतात. ती लाली दिसली की भाव पडला. रस्त्याच्या कडेला पाला गोळा करणारा दलाल काटा लटकवून उभा असतो. तो पोत्याचं वजन वजा करतो, पानांवरच्या ओलीचं वजा करतो, जून पान जास्त आहे म्हणून आणखी काही वजा करतो. किती वजा करायचं ते तोच ठरवतो. समोरच्या बाईला घासाघीस करायला वेळ नसतो. पाला परत नेऊन ती करणार काय? धान्य कणगीत थांबतं, कांदासुद्धा चाळीत काही महिने थांबतो. चहाचा पाला संध्याकाळपर्यंत थांबत नाही. त्यामुळे ज्याच्याकडे कारखाना, त्याच्याकडे भाव. हे एक वाक्य कळलं की छोट्या बागांच्या अर्थकारणातलं बरंचसं कोडं सुटतं.

सेंद्रिय बागवाल्याला तर हा फास दुहेरी बसतो. सेंद्रिय पाला इतर पाल्यात मिसळून चालत नाही. त्यासाठी वेगळी यंत्रं, नाहीतर धुऊनपुसून घेतलेली यंत्रं आणि वेगळी नोंद लागते. पोहोचण्याजोग्या अंतरावरच्या कारखान्याकडे ती सोय नसेल, तर तीन वर्षं एक थेंब न फवारता वाढवलेला पाला शेजाऱ्याच्या फवारलेल्या पाल्यावर ओतला जातो आणि त्याच भावाने मोजला जातो. तीन वर्षं मी उगाच म्हटलं नाही. चहासारख्या बहुवर्षायू झाडाला सेंद्रिय ठरायला साधारण तेवढा रूपांतराचा काळ लागतो. खतं थांबलेली, उतारा घटलेला, ढेकण्या आणि लाल कोळी या किडींना हातानेच आवर घालायचा, आणि सेंद्रियचा भाव मागण्याचा अधिकार अजून नाही. शुद्धतेची सगळी किंमत त्या तीन वर्षांत चुकवली जाते, आणि ती चुकवते सगळ्यात कमी ऐपतीची व्यक्ती.

एवढ्यावर भागत नाही. एकट्या एकरवाल्याला प्रमाणपत्राचा खर्च झेपत नाही, म्हणून शेतकऱ्यांचा गट करून एकत्र प्रमाणपत्र घेण्याची पद्धत आहे. पद्धत चांगली आहे. पण हे प्रमाणपत्र पुष्कळदा निर्यातदाराच्या किंवा कारखान्याच्या हातात असतं. शेतकऱ्याने उद्या दुसऱ्या कुणाला पाला द्यायचा म्हटलं तर त्याची बाग सेंद्रियच राहते, फक्त ते सिद्ध करणारा कागद मागे राहतो. मला हा या साऱ्या व्यवस्थेतला सर्वात मोठा अन्याय वाटतो. श्रम एकाचे आणि त्या श्रमांचा पुरावा दुसऱ्याच्या कपाटात. युरोपीय संघाच्या २०१८ च्या सेंद्रिय नियमावलीने गट हा शेतकऱ्यांचीच स्वतंत्र कायदेशीर संस्था असला पाहिजे, आणि त्यात २,००० पेक्षा जास्त सभासद नकोत, अशी अट घातली. तिच्यामुळे छोट्या गटांची कागदोपत्री धावपळ वाढली अशी तक्रार होते, ती खरीही आहे. तरी दिशा योग्य आहे, असंच मी म्हणेन.

कागदाच्या कसोट्याही विचित्र ठिकाणी अडवतात. युरोपात चहातल्या अँथ्राक्विनोनची मर्यादा किलोला ०.०२ मिलिग्रॅम आहे. हा पदार्थ बागेत न फवारताही चहात येऊ शकतो, कारण तो लाकडाच्या धुरात असतो. पान वाळवणाऱ्या भट्टीची नळी गळकी असली तर धूर पानाला लागतो आणि अख्खी खेप नापास होते. भट्टी कारखान्याची, फटका बागवाल्याला.

मग ‘नैतिक व्यापार’ म्हणून जे शिक्के मिळतात ते काय करतात? काहीच करत नाहीत असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांतल्या फेअरट्रेड या शिक्क्याच्या जादा रकमेतून कितीतरी ठिकाणी शाळेची छपरं झाली, पाण्याच्या टाक्या झाल्या. पण ती रक्कम शिक्क्याखाली विकल्या गेलेल्या चहावरच मिळते, आणि प्रमाणित मळ्याचा सगळा चहा त्या शिक्क्याखाली खपतोच असं नाही. शेफिल्ड विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात भारतातल्या प्रमाणित आणि अप्रमाणित चहामळ्यांची तुलना झाली. मजुरांच्या मजुरीत आणि वागणुकीत फारसा फरक आढळला नाही. लंडनच्या सोआस संस्थेने २०१४ मध्ये इथिओपिया आणि युगांडातल्या फेअरट्रेड भागांतले रोजंदारी मजूर पाहिले. तिथेही त्यांची मजुरी आसपासच्या तशाच भागांपेक्षा चांगली नव्हती. हे निष्कर्ष शिक्के देणाऱ्यांना आवडले नाहीत. मला ते अनपेक्षित वाटत नाहीत. तपासनीस येतो, वह्या पाहतो, मातीचा आणि पानाचा नमुना नेतो. मातीला खोटं बोलता येत नाही. ज्या बाईचं घर, शिधा आणि मुलाची पुढची नोकरी त्याच मळ्यावर अवलंबून आहे, ती मुकादमासमोर काय सांगणार?

म्हणून मला आकडा हवा आहे. पाकिटावर तीन गोष्टी छापा: त्या हंगामात ओला पाला किलोला कोणत्या भावाने घेतला, खुडणाऱ्याला दिवसाची रोख मजुरी किती मिळाली, आणि प्रमाणपत्र कुणाच्या नावावर आहे. आज त्याच पाकिटावर बाग समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे ते लिहितात, बहार कोणता तेही सांगतात, कधीकधी खुडल्याची तारीखसुद्धा असते. इतकं बारीक माहीत असणाऱ्या विक्रेत्याला पाल्याचा भाव माहीत नाही, यावर कुणी विश्वास ठेवावा?

यावर पहिला आक्षेप येतो की गिऱ्हाईक असले आकडे वाचत नाही. न वाचो. भाव छापून आला की तो शेजारच्या दरीतला बागवाला वाचेल, सहकारी संस्थेचा चिटणीस वाचेल, दुसरा कारखानदार वाचेल. काट्याजवळ उभ्या बाईला प्रथमच सांगता येईल की पलीकडच्या गटाला इतके मिळाले. आकडा झाकलेला असण्याचा फायदा कुणाला होतो, हे २०१५ मध्ये केरळच्या मुन्नारमध्ये उघड झालं. खुडणाऱ्या बायका कामगार संघटनांच्या पुढाऱ्यांना बाजूला सारून रस्त्यावर बसल्या, तेव्हा कुठे देशाला कळलं की त्यांची दिवसाची मजुरी २३२ रुपये आहे. त्यांनी २० टक्के बोनस मिळवला आणि पुढे मजुरीही ३०१ रुपयांवर गेली. चहा त्याआधीही रोज विकला जात होता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अनेक बागांचा पाला एकत्र होतो, मिश्रणात भाव कुणाचा छापायचा? ज्याला मिश्रण करायचंय त्याने करावं, त्यात काही गैर नाही. पण मग पाकिटावर एका डोंगरउतारावरची एक छोटी बाग दाखवू नये. बागेचं नाव वापरून जादा किंमत घेणाऱ्याने त्या बागेचा हिशोबही द्यावा.

तिसरा आक्षेप घेणारे म्हणतात, सेंद्रियचा आग्रहच चुकीचा आहे, श्रीलंकेकडे पाहा. पाहायलाच हवं. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने रासायनिक खतांची आयात एकदम बंद केली आणि वर्ष संपायच्या आत निर्णय मागे घ्यावा लागला. २०२१ ला सुमारे ३० कोटी किलो असलेलं चहाचं उत्पादन २०२२ ला २५ कोटी किलोच्या आसपास आलं. परकीय चलन आटलं होतं, इंधन मिळत नव्हतं, तेही कारण होतंच. पण सर्वात आधी आणि सर्वात जास्त पोळला तो छोटा बागवाला, कारण तिथे बहुतेक चहा त्याचाच. त्याच्या शेजारी सिक्कीम ठेवून पाहावं. तिथे २००३ मध्ये धोरण ठरलं, खतावरचं अनुदान हळूहळू कमी केलं, प्रमाणपत्रांचा खर्च सरकारने उचलला, आणि सेंद्रिय राज्य म्हणून घोषणा झाली २०१६ मध्ये. तिथल्या शेतकऱ्यांच्याही तक्रारी आहेत, विशेषतः जादा भाव न मिळाल्याच्या. तरी तेरा वर्षं आणि काही महिने यांतला फरक कुणालाही दिसेल. श्रीलंकेत सेंद्रिय शेती हरली नाही. संक्रमणाचा सगळा भार शेतकऱ्यावर टाकून वर्षभरात फळ मागण्याची घाई हरली.

आकडा छापल्याने सगळं सुटेल असं मी म्हणत नाही. कारखाना कुणाचा हा प्रश्न उरतोच. केनियात सहा लाखांहून अधिक छोटे बागवाले आपापल्या भागातल्या चहा कारखान्याचे भागधारक आहेत. पाल्याचे पैसे महिन्याला मिळतात आणि वर्षअखेरीला नफ्यातला हिस्सा. तिथेही व्यवस्थापनावर रोष आहे, २०२० मध्ये नवा चहा कायदा करावा लागला. पण तिथे भांडण मालक म्हणून होतं, दयेची याचना म्हणून होत नाही. दार्जिलिंगजवळ मिनरल स्प्रिंगमध्ये मळा बंद पडल्यावर तिथल्या कुटुंबांनी जमीन कसायला घेतली. चहाच्या जोडीला वेलदोडा, आलं, संत्री लावली आणि पुढे संयुक्त विकास सहकारी संस्था काढून सेंद्रिय पाला विकायला सुरुवात केली. तिथल्या बायकांना संस्थेत स्वतःचा आवाज मिळवायला वेगळं झगडावं लागलं. सहकाराच्या फलकाखालीही बाईचं काम बिनमोल धरलं जातं, याची त्यांना चांगलीच कल्पना होती.

जे विक्रेते छोट्या डोंगरी बागांचा चहा मनापासून विकतात, त्यांच्याकडून माझी आणखी एक मागणी आहे, आणि ती छापण्यापेक्षा अवघड आहे. बाग सेंद्रिय झाल्यावर तिच्याकडे जाऊ नका. रूपांतराच्या पहिल्या वर्षी जा. तीन वर्षांचा लेखी करार करा, उतारा घटेल तेवढी भरपाई भावात धरा, गटाचं प्रमाणपत्र गटाच्याच नावाने काढून द्या, आणि आगाऊ रक्कम खुडणीच्या हंगामाआधी द्या. म्हणजे पोतं तापायला लागलं तरी बाई काट्यावरच्या पहिल्या भावाला हो म्हणणार नाही.